सोयाबीनची शेंड्याची पानं पिवळी, युरिया टाकू की गंधक?

लातूरकडचा शेतकरी आहे. सोयाबीन 35 दिवसांचं झालंय, वरची कोवळी पानं फिकी पिवळी पडलीत, खालची मात्र हिरवीगार. पेरताना डीएपी दिलं होतं. दुकानदार म्हणतोय युरिया टाका, आणि माती परीक्षणाच्या कार्डावर गंधक 7 पीपीएम, कमी असं लिहिलंय. गंधक कमी असलं तर पीक बाकीची खतं उचलत नाही का? जाणकारांनी सांगावं.

— दादा, युरियाची घाई करू नका. नत्र कमी पडलं की आधी खालची जुनी पानं पिवळी होतात, कारण झाड तिथलं नत्र काढून शेंड्याला पाठवतं. गंधक तसं सहज हलत नाही म्हणून कोवळी पानं आधी फिकी पडतात. एक पान तोडून उन्हात धरून बघा, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर ती लोहाची कमतरता, आपल्या चुनखडीच्या रानात ती पण लई दिसते. शिरांसकट सगळंच पान एकसारखं फिकं असेल तर गंधक.

— वरच्या भाऊंनी बरोबर सांगितलंय. पीक उचलतं, पण उचललेलं नत्र वापरता येत नाही, खरी गोम तिथं आहे. मुळं गंधक सल्फेटच्या रूपात घेतात, आणि कमी पडलं की सल्फेट आत ओढणारी प्रथिनं मुळं वाढवतात, म्हणजे झाड आपल्या परीनं धडपडतं, पण जमिनीतच नसेल तर आणणार कुठून? मग प्रथिनं बनायला जी सिस्टीन, मिथिओनिन ही गंधक असलेली अमिनो आम्लं लागतात ती होत नाहीत, नत्र पानात नुसतं साचतं आणि मुळं पुढचं नत्र घेणं कमी करतात. त्यात सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींमधल्या ज्या एन्झाइममुळे हवेतलं नत्र मिळतं त्यातच लोह आणि गंधक असतं, म्हणजे फुकटचं नत्र पण घटलं. एक झाड हलक्या हातानं उपटून गाठ फोडा, आतून गुलाबी लाल असेल तर काम चालू आहे.

— म्हणजे डीएपीत गंधक नसतंच? आणि आता उभ्या पिकात काय देऊ? गंधकाची दाणेदार बॅग मिळतेय 90 टक्केवाली.

— नाही, डीएपीत नत्र आणि स्फुरद एवढंच. ती 90 टक्केवाली आता नको, ते मूळ गंधक, जमिनीतले जिवाणू त्याचं सल्फेट करतात तेव्हा पिकाला लागू होतं, त्याला आठवडे जातात. वापसा असताना, म्हणजे रानात ओल आहे पण चिखल नाही अशा वेळी, अमोनियम सल्फेट एकरी 25 किलो द्या, त्यात गंधक 23 टक्क्यांच्या आसपास असतं आणि ते लगेच लागू होतं. पुढच्या वर्षी डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट एकरी 3 पोती पेरून द्या, शिफारशीतलं 24 किलो स्फुरद त्यातच बसतं, गंधक 8 किलो लागतं ते 16 च्या वर मिळतं, फक्त नत्र नि पालाश वेगळं द्यावं लागेल.