मदत हवी आहे: फायरप्लेसच्या लोखंडी जाळ्या विकताना टिकाऊपणाची हमी किती आणि कशी द्यावी?

नमस्कार मंडळी,

फायरप्लेसमध्ये लाकडं रचायला ज्या लोखंडी जाळ्या लागतात, त्या बनवून विकण्याचा माझा छोटा व्यवसाय आहे. वर्कशॉपमध्ये दोन वेल्डर आहेत. मापं, ऑर्डर, पॅकिंग आणि गिऱ्हाइकांचे फोन हे सगळं माझ्याकडे. माल एमएसच्या (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या पोलादाच्या) चौरस बारचा, मापाप्रमाणे बनवून दिलेला. काम आवडीचं आहे आणि मला ते टिकवायचं आहे, म्हणून जरा सविस्तर विचारते.

अडचण हमीची आहे. जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, "किती वर्षं टिकेल?" काही विक्रेते सरळ 'आजीवन हमी' असं लिहून मोकळे होतात. मला ते लिहवत नाही. जाळी निखाऱ्यात बसते, ती झिजणारच, आणि ते धरूनच ती बनवावी लागते. पण हमी नाही म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, आणि मोघम हमी दिली की पुढे वाद होतात.

तक्रारी बहुतेक एकाच तऱ्हेच्या. पाय शाबूत, आडवे बार शाबूत, आणि मधल्या सळया झोल खाऊन खाली बसलेल्या. कधी सळईच्या खपल्या निघून निघून ती जागोजागी बारीक झालेली. फोटो मागवले की बऱ्याचदा राख सळयांना टेकेपर्यंत साचलेली दिसते. राखेने खालची जागा भरली की गार हवेची वाट बंद होते आणि निखारे सळईला दोन्ही बाजूंनी भाजतात. हे गिऱ्हाइकाला सांगितलं तर त्याला वाटतं, ही आपल्यावर ढकलतेय. त्याचंही बरोबर आहे. जाळीबरोबर असं काही लिहून आलेलं त्याने कधी पाहिलेलं नसतं.

सध्या १२, १६ आणि २० मिमी अशा तीन जाडींत माल देते. ६० बाय ४५ सेंमीची जाळी, सहा सळया, दोन आडवे बार आणि चार आखूड पाय धरले तर १२ मिमीमध्ये ती साधारण ५ किलो भरते, १६ मध्ये साडेआठ आणि २० मध्ये साडेतेरा. भाव वजनावर जातो, त्यामुळे बरेच जण १२ मिमीवर बोट ठेवतात, आणि तक्रारीही तिथूनच जास्त येतात.

तर मला विचारायचंय ते असं. नुसती जाडी वाढवून भागेल की रचनाच बदलावी? बीड (ओतीव लोखंड) किंवा स्टेनलेस स्टील वापरणाऱ्यांचा अनुभव काय? आणि सर्वांत महत्त्वाचं, हमी कशाची द्यावी, कोणत्या शब्दांत द्यावी, की ती खरीही असेल आणि मला झेपेलही? जड माल हमीपोटी परत मागवणं मला परवडत नाही, हेही लक्षात घ्या.

प्रतिसाद – फॅब्रिकेशनवाला

ताई, रोज जाळणाऱ्याला १२ मिमी विकणं आधी थांबवा. चौरस सळईचं वजन जाडीच्या वर्गाने वाढतं, पण वाकण्याविरुद्धची ताकद घनाने वाढते. १२ वरून २० वर गेलात तर लोखंड पावणेतीनपट लागतं आणि ताकद साडेचारपटीच्या वर जाते. तेवढ्याच ओझ्याखाली येणारा झोल बघितलात तर फरक साडेसातपटीहून जास्त आहे. गिऱ्हाइकाला हे एका वाक्यात सांगता येतं, सांगून बघा.

तरीही जाडी हे अर्धंच उत्तर. साधं पोलाद ५०० अंश सेल्सियसपर्यंत बऱ्यापैकी ताकद धरून असतं, ६०० ला ती निम्म्याहून खाली येते आणि ७०० च्या आसपास पाव उरते. भरात आलेले निखारे याहून गरम असतात. सळईने लाली धरली म्हणजे ती या टप्प्यात गेली, आणि वर ओंडक्याचं ओझं आहेच. त्यात पावणेसहाशे अंशांच्या वर गंजाची खपली फार भराभर धरते. तुम्हाला फोटोत दिसतं ते हेच.

म्हणून आधारांमधलं अंतर कमी करा. आडवे बार अगदी टोकांना न ठेवता थोडे आत घ्या आणि मधोमध, जिथे सगळ्यात जास्त धग असते, तिथे एक जादा पाय द्या. याला लोखंड फारसं लागत नाही.

दुसरं, सळया दोन्ही टोकांना पक्क्या वेल्ड करता का? ४५ सेंमीची सळई ६०० अंशांनी तापली की सुमारे सव्वातीन मिलिमीटर लांबते. दोन्ही टोकं बांधलेली असली तर ती लांबी जाणार कुठे? सळई वाकते. एक टोक वेल्ड करा आणि दुसरं खाचेत मोकळं सोडा. खाचेत ५ मिमी जागा ठेवली की पुरे.

प्रतिसाद – ओतकाम

बिडाबद्दल लिहितो, आमचं काम त्यातलंच आहे. बिडाची जाळी धग चांगली सोसते आणि साध्या पोलादासारखी झोल खात नाही. पण बीड ठिसूळ. जड ओंडका वरून टाकला किंवा विस्तव विझवायला पाणी ओतलं तर तडा जातो, आणि तडा गेलेल्या बिडाला वेल्ड करून पुन्हा आगीत ठेवण्यात अर्थ नसतो. वर्षानुवर्षं लाल होत राहिलं तर करडं बीड आतून हळूहळू फुगतं, मापं बदलतात आणि बारीक चिरा पडतात. ही त्याची जातच आहे.

तुमच्यासाठी खरी अडचण वेगळी आहे. प्रत्येक मापाला फर्मा लागतो आणि फाउंड्री दोन-चार नगांसाठी साचा लावत नाही. तुमचा जोर मापाप्रमाणे बनवून देण्यावर आहे, तो बिडात निघून जाईल. एखादं ठरावीक चालणारं माप असेल तर तेवढं बिडात करून बघा.

प्रतिसाद – नवखा

पाइप वापरले तर? वजन आणि भाव दोन्ही उतरतील.

प्रतिसाद – फॅब्रिकेशनवाला

नको दादा, आणि हे ताईंनीही पक्कं लक्षात ठेवावं. पाइपची भिंत पातळ असते, खपल्या निघायला लागल्या की भोक पडायला वेळ लागत नाही. दोन्ही टोकं वेल्डने बंद केलेल्या पाइपात ओल अडकली असेल तर तापल्यावर तो फुटू शकतो. आणि जस्ताचा मुलामा दिलेला पाइप किंवा बार तर जाळीला अजिबात लावू नये. जस्त ४२० अंशांना वितळतं आणि आणखी तापलं की त्याचा धूर होतो. तो धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप येतो, वेल्डिंग करणाऱ्यांना हा ताप माहीत आहे. भंगारातून माल घेत असाल तर प्रत्येक बार तपासून घ्या.

स्टेनलेसचं विचारलंत. ३०४ नंबर आच वर-खाली होत असताना साधारण ८७० अंशांपर्यंत खपली धरत नाही, ३१० त्याच्याही बरंच पुढे जातं. पण भाव तसाच चढतो. शिवाय ३०४ तापल्यावर साध्या पोलादाच्या जवळपास दीडपट पसरतं, म्हणजे मोकळ्या खाचेची गरज तिथे जास्तच.

प्रतिसाद – मालवाहतूक

कुरिअरचं मी सांगते, माझं रोजचं काम आहे. खरं वजन आणि खोक्याच्या आकारावरून काढलेलं वजन, यातलं जे जास्त असेल त्याचे पैसे लागतात. पुष्कळ ठिकाणी लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. ६५ बाय ५० बाय २५ चं खोकं धरलं तर सव्वासोळा किलो होतात. म्हणजे तुमची ५ किलोची जाळीसुद्धा सोळा किलोच्या भाड्याने जाते! पाय सुटे करून सपाट भरलंत आणि उंची ८ वर आली तर हाच आकडा ५.२ होतो. मग २० मिमीची जाळीही तिच्या खऱ्या वजनालाच जाईल, वर काही लागणार नाही.

पाय नट-बोल्टने नका जोडू. आगीत आटे जाम होतात आणि पुन्हा सुटत नाहीत. खाचेत सरकवून बसणारे पाय करा. आणि लोखंडाची टोकं पुठ्ठा फाडतात, म्हणून कोपऱ्यांना जाड गुंडाळी हवीच.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. फॅब्रिकेशनवाले दादा, हो, सध्या सळया दोन्ही टोकांना वेल्डच असतात, या धंद्यात सगळीकडे तशीच पद्धत पाहिली आहे. मोकळ्या खाचेचा नमुना लगेच बनवून घेते. त्यावरून एक सुचलं. सळई एका टोकालाही वेल्ड न करता दोन्हीकडे खाचेत नुसती ठेवली, तर गिऱ्हाईक स्वतःच सळई बदलू शकेल. मग हमीत पूर्ण जाळीऐवजी एक सळई पाठवली की झालं. २० मिमीची ४५ सेंमी सळई दीड किलोच्याही आत आहे. जाळी हलेल का, एवढीच शंका आहे.

प्रतिसाद – फॅब्रिकेशनवाला

दोन कडांच्या सळया वेल्ड करा आणि मधल्या सुट्या ठेवा. चौकट ताठ राहील. सुटी सळई घरंगळू नये म्हणून खाच चौकोनी आणि निदान अर्ध्या जाडीइतकी खोल हवी. शिवाय सुटी सळई झोल खायला लागली की उलटी करून बसवता येते, म्हणजे तीच सळई आणखी काही काळ चालते.

प्रतिसाद – दुकानदार

मी वेगळ्या वस्तू विकतो, पण हमीच्या भांडणांतून गेलोय. ताई, हमीचे दोन भाग करा. पाय, चौकट आणि वेल्डिंग ही तुमची कारागिरी, तिची हमी लांब मुदतीची आणि बिनशर्त द्या. सळई ही झिजणारी वस्तू आहे हे विक्रीच्या पानावर ठळक लिहा, हमीच्या तळटीपेत लपवू नका. तिची हमी एका हंगामाची द्या आणि पुढच्या सळया कमी नफ्यात विका. दावा फोटोवर मिटवा, माल परत मागवू नका. जळकी सळई परत येऊन तुमच्या काय कामाची?

आणि मिलिमीटर विचारून विकणं सोडा. "आठवड्यातून किती वेळा जाळता, आणि लाकूड की दगडी कोळसा?" असं विचारा. कोळशाची आच जास्त, त्याला खालून हवा लागते आणि जाळीची फटही वेगळी असते. लाकडाची जाळी त्याला देऊच नका.

मापंही पुढची रुंदी, मागची रुंदी, खोली आणि तोंडाची उंची अशी चार मागवा. पुष्कळ फायरप्लेस मागे निमुळत्या असतात. फक्त पुढचं माप घेऊन बनवलेली जाळी आत जातच नाही. दोन्ही बाजूंना दोन-तीन इंच मोकळे सोडा.

धागाकर्ती

चारही मापं मागवतेच, पण वापराचं विचारत नव्हते, ते आता फॉर्मवर सगळ्यात वर घेते. १२ मिमी फक्त अधूनमधून जाळणाऱ्यांसाठी ठेवते. हमीचा मसुदा असा केलाय, कृपया बघा:

"पाय, चौकट आणि वेल्डिंग यांची हमी ५ वर्षं. सळया आगीत झिजतात. पहिल्या हंगामात सळई वाकली किंवा तुटली तर फोटो पाठवा, आम्ही नवी सळई विनामूल्य पाठवू. त्यानंतर सुटी सळई विकत मिळेल. जाळी फक्त लाकडासाठी आहे. योग्य वापर न केल्यास हमी लागू नाही."

प्रतिसाद – दुकानदार

शेवटचं वाक्य काढा. 'योग्य वापर' म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे, गिऱ्हाइकाला नाही, आणि भांडण नेमकं तिथेच होतं. त्याऐवजी काय करायचं ते लिहा: "तळाशी इंचभर राख राहू द्या, त्याने निखारे टिकून राहतात. पण राख आणि सळई यांच्यामध्ये तीन बोटं जागा कायम मोकळी ठेवा. विस्तवावर पाणी ओतू नका." सोबत राख भरलेल्या आणि मोकळ्या जाळीची दोन चित्रं द्या. आणि ५ वर्षं म्हणताना फॅब्रिकेशनवाल्यांना विचारून घ्या, मधला पाय सगळ्यात गरम जागी आहे.

प्रतिसाद – फॅब्रिकेशनवाला

बरोबर पकडलंत. मधला पाय सळयांच्या यादीत टाका, म्हणजे झिजणारा आणि बदलता येणारा. बाकी चौकटीला २० मिमीमध्ये ५ वर्षं म्हणायला माझी हरकत नाही. १२ मिमीला एवढी मुदत लिहू नका, २ वर्षं पुष्कळ झाली.

धागाकर्ती

दोन्ही बदल केले. नमुना तयार झाला की फोटो याच धाग्यावर टाकते. खाचेची खोली तेव्हा पुन्हा एकदा तपासून द्या.