जत्रेच्या दशावतारासाठी स्पीकर कोणते घ्यावेत?

माडाखाली: नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याजवळचं आमचं गाव. देवस्थान कमिटीने यंदा भाड्याच्या साउंडऐवजी स्वतःचे स्पीकर घ्यायचं ठरवलंय. मुख्य उपयोग जत्रेतल्या दशावताराला, एरवी भजनं. देवळापुढचं मैदान साधारण 15 मीटर रुंद, 35 मीटर खोल, दोन्ही बाजूंना चिऱ्याच्या भिंती. पुढे बसणाऱ्यांचे कान किटतात आणि मागच्यांना संवाद कळत नाहीत. दुकानदार म्हणतो, डबल पंधराचे (एका पेटीत पंधरा इंची दोन स्पीकर) दोन टॉप आणि अठरा इंची दोन बेस घ्या, वॉट वाढले की आवाज मागे पोचेल. खरंच पोचेल का?

कुडाळचा साउंडवाला: नाही पोचणार. वॉट दुप्पट केले तर जेमतेम 3 डेसिबल वाढतात, आणि ते पुढच्यांच्या कानातही तेवढेच जातात. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. स्पीकर स्टेजच्या कडेला टेबलावर ठेवला, तर 3 मीटरवरच्या आणि 24 मीटरवरच्या माणसात 18 डेसिबलचा फरक पडतो. हा फरक कमी करायचा तर स्पीकर वर न्या. भक्कम मचाण बांधून साडेतीन-चार मीटर उंचीवर चढवा आणि तोंड खाली वाकवून मागच्या रांगांवर धरा. पुढचे लोक हॉर्नच्या, म्हणजे वरचे सूर फेकणाऱ्या भोंग्याच्या, माऱ्याबाहेर राहतात, त्यांना आपोआप कमी लागतं.

घेताना हॉर्नचा कोन विचारा. तुमच्या लांबट मैदानाला आडवा 60 अंशाचा चालेल. 90 चा घेतलात तर चिऱ्यावर आपटून आवाज परत येईल आणि शब्द एकमेकांत मिसळतील. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट तिथल्या तिथे बोलतो. संकासुराचा, म्हणजे त्यातल्या विनोदी राक्षसाचा, एक शब्द हुकला की मागच्यांचा हशाच गेला. शब्द कळतात ते व्यंजनांमुळे, आणि ती बहुतेक 2 ते 4 किलोहर्ट्झच्या आसपास असतात. तिथे स्वच्छ वाजणारा बारा इंची टू-वे (जाड आणि बारीक आवाजाला वेगळे स्पीकर असलेला) मला डबल पंधरापेक्षा कधीही बरा. कागदावर 'पीक' (क्षणभर झेपणारे) वॉट बघू नका, सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे एका वॉटला एक मीटरवर किती डेसिबल वाजतो ते. 94 ऐवजी 97 डेसिबलचा स्पीकर निम्म्या वॉटमध्ये तेवढाच वाजतो.

माडाखाली: आणि बेस?

कुडाळचा साउंडवाला: पखवाजाच्या धुमेसाठी एक पुरे. संवादाच्या माइकचा 100 हर्ट्झखालचा जाड आवाज मिक्सरवर कापाच, नाहीतर फळ्यांवरची प्रत्येक उडी घुमते. उरलेल्या पैशात दोन छोटे स्पीकर 20 मीटरवर लावा, पण डिलेसकट, म्हणजे त्यांचा आवाज मुद्दाम जरा उशिरा सोडून. आवाजाला तिथे पोचायला सुमारे 58 मिलिसेकंद लागतात. त्यात आणखी 10-12 घाला, म्हणजे बोलणं रंगमंचावरूनच ऐकू येतं. डिले न देता लावलेत तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल, त्यापेक्षा न लावलेले बरे.

जयगडकर: खारी हवा विसरू नका हो. जाळी पावडर कोटिंगची आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे आहेत का ते दुकानातच बघा. आमच्याकडे पार्टिकल बोर्डाची पेटी पावसाळ्यात फुगून कोपऱ्यात उकलली. प्लायवूड किंवा पॉलीप्रॉपिलीनचीच घ्या, आणि जत्रा झाली की मंडपात सोडू नका, कोरड्या खोलीत ठेवा.

माडाखाली: दादा, माइक टांगलेले असतात आणि नट पुढे आला की शिट्टी वाजते. त्याला काय करू?

कुडाळचा साउंडवाला: स्पीकर माइकच्या पुढच्या रेषेत आणा, मागे नको. आणि जो नट बोलतोय त्याच्याजवळचाच माइक उघडा ठेवा. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीआधीची 3 डेसिबल जागा गेलीच. मिक्सरवर नाटकाची सवय असलेला माणूस बसवा. खरेदीआधी दुकानदाराला सांगा, संध्याकाळी मैदानात लावून दाखव. तुम्ही शेवटच्या रांगेत बसा आणि कुणाला तरी मालवणीत भराभर बोलायला लावा.