मदत हवी आहे: मायक्रोस्कोपच्या ट्रायॅकला पर्याय (अर्जंट)

स्लाइडवाली
आमच्या बॉटनी डिपार्टमेंटच्या मायक्रोस्कोपचा दिवा कमी-जास्त होत नाही. चालू केला की फुल. इथल्या इलेक्ट्रिशियनने खालचं झाकण उघडून सांगितलं, ट्रायॅक (दिव्याचा करंट कमी-जास्त करणारा तीन पायांचा पार्ट) गेलाय. नंबर एसएम१२जेझेड४७. हा आता बनत नाही म्हणे, साताऱ्यात कुठेच मिळाला नाही. त्याच्या जागी काय चालेल तेवढंच सांगा. सोमवारपासून प्रॅक्टिकल आहेत. 'नवीन घ्या' म्हणू नका, ग्रँट संपली.

तपकीर_गल्ली
बीटी१३६ टाका आणि मोकळे व्हा. पंख्याच्या रेग्युलेटरमध्ये हाच असतो, कुठेही मिळेल. पायांचा क्रमही तोच.

फेज_न्यूट्रल
ताई, घाईत काही टाकू नका. दिवा किती वॅटचा? ट्रायॅक गेला हे मीटरवर पाहिलं की अंदाजपंचे? आणि तो बसवलाय कशावर?

स्लाइडवाली
१२ व्होल्ट ५० वॅट हॅलोजन. मीटर लावला की पीप वाजतं. तळाच्या पत्र्यालाच स्क्रूने आवळलाय.

फेज_न्यूट्रल
प्लग काढून, एक पाय सोडवून पहिल्या आणि मधल्या पायात पीप येत असेल तर शॉर्टच आहे. दिवा सतत फुल पेटतो तो त्यामुळेच.
आता नीट वाचा. थेट पत्र्याला आवळलाय कारण या नंबरची पाठ आतून इन्सुलेटेड असते. बीटी१३६ची नसते, त्याची धातूची पाठ मधल्या पायालाच जोडलेली असते. तो तसाच आवळला तर मायक्रोस्कोपच्या बॉडीत करंट उतरेल. फोकसच्या चाकाला हात कोण लावणार? तुमची पोरं.

तपकीर_गल्ली
मध्ये अभ्रकाचा वॉशर आणि नायलॉनचा बुश घातला की झालं. आम्ही काय आज करतोय का हे?

फेज_न्यूट्रल
तुम्ही घालाल हो. पण वर लिहिलंत का?

एलईडी_भक्त
२०२० नंतरही हॅलोजन? ट्रायॅक, ट्रान्सफॉर्मर सगळं काढून फेका. ३ वॅटचा एलईडी, त्याला करंट देणारा एक ड्रायव्हर, एक पॉट (कमी-जास्त करायला फिरवायचा रेझिस्टन्स). दिवा बदलायची कटकट नाही, स्टेज तापत नाही, आणि प्रकाश कमी केला तरी पिवळा पडत नाही.

मिरजेची_पॅथॉलॉजिस्ट
आमच्याकडे हा प्रयोग झालाय. स्वस्त पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळा उंचवटा आणि त्याच्या पुढे लगेच खड्डा, म्हणजे निळा जास्त आणि त्याच्या लगेच पुढचे रंग कमी. स्लाइडवरच्या इओसिन या रंगाचा गुलाबी ओळखू येईना. वर ड्रायव्हर असा की कॅमेऱ्यात पट्टे सरकतात.

एलईडी_भक्त
मॅडम, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५चा घ्यायचा. बाजारातला टॉर्चचा लावून एलईडीला नावं ठेवायची नाहीत.

मिरजेची_पॅथॉलॉजिस्ट
तो सोमवारच्या आत साताऱ्यात आणून कंडेन्सर लेन्सखाली बरोबर मध्यभागी बसवून द्या, मग बोलू. स्लाइडवरच्या सॅफ्रॅनिनच्या लाल आणि फास्ट ग्रीनच्या हिरव्या रंगातला फरक पोरांना दिसला पाहिजे, एवढंच तर त्यांना हवंय.

राजापूरकर
झाकण उघडलंच आहे तर ऑब्जेक्टिव्हही बघून घ्या. आमच्याकडे पावसाळ्यात काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवायचं, निळ्याचं गुलाबी झालं की तव्यावर गरम करायचं.

स्लाइडवाली
लेन्स ठीक आहेत हो. ट्रायॅकचं सांगा ना कोणीतरी!

फेज_न्यूट्रल
सांगतो. आधी मागच्या पाटीवर इनपुट किती लिहिलंय ते बघा. आणि प्लग कसला आहे?

स्लाइडवाली
१०० व्होल्ट. जपानमधून देणगीत आलेला आहे. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लावून चालवतो, त्याचा काही त्रास नाही. प्लग दोन चपट्या पिनांचा.

फेज_न्यूट्रल
हे आत्ता सांगताय! असे बरेच स्टेपडाऊन ऑटोट्रान्सफॉर्मर असतात, म्हणजे मेनपासून अलग नसतातच. दोन पिनांचा प्लग म्हणजे अर्थिंगही नाही. त्या प्लगच्या बाजूने एक हिरवी वायर लोंबत असेल, ती अर्थिंगची.
आता पार्ट. बीटीए१२-६००बी मागा. १२ अँपिअर, ६०० व्होल्ट, पाठ इन्सुलेटेड, पायांचा क्रम तोच. दुकानदार बीटीबी१२ हातात ठेवेल आणि 'एकच आहे' म्हणेल. एकच नाही. बीटीबीची पाठ जिवंत असते, म्हणजे तिच्यात करंट असतो. बसवल्यावर, प्लग काढलेला असताना, मधला पाय आणि पत्रा यांच्यात मीटर लावा. पीप यायला नको.

तपकीर_गल्ली
बीटीए पुण्यात आमच्या तपकीर गल्लीत सहज मिळतो. पासोड्या विठोबाच्या बाजूलाही बघा. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड, पण तिथे आता निम्म्या दुकानांत मोबाइलची कव्हरंच. पूर्वी काय रेडिओचे व्हॉल्व्ह मिळायचे तिथे...

एलईडी_भक्त
व्हॉल्व्हवरून आठवलं, हॅलोजनही आता त्याच वाटेवर आहे.

स्लाइडवाली
पुण्याहून भाच्याने बीटीए आणला, बसवला. पत्र्याशी पीप नाही. डिमर चालतोय! फक्त अगदी कमीवर नेला की दिवा फडफडतो. हिरवी वायर सापडली, कोणीतरी टेप गुंडाळून केबलला चिकटवून टाकली होती.

फेज_न्यूट्रल
फडफडतो तो पॉट मळल्यामुळे असेल. प्लग काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि दहा-वीस वेळा फिरवा. नाहीच जमलं तर परीक्षेत अर्ध्यावर ठेवा.

स्लाइडवाली
बरं. प्लग आणि अर्थिंग परीक्षा झाल्यावर करून घेते.

फेज_न्यूट्रल
फडफड नंतर बघितली तरी चालेल. अर्थिंग सोमवारच्या आधी.