२०१९ची कमेंट इंटरव्ह्यूत निघाली, आता काय करू?

क्यूसी_सिडको:
अंबड एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. मागच्या मंगळवारी सातपूरला इंटरव्ह्यू होता. टेक्निकल राउंड झकास झाला. ड्रॉइंग वाचलं, गेज आर अँड आर (मोजमाप किती भरवशाचं, ते तपासायची पद्धत) विचारलं तेही सांगितलं. मग एचआरच्या मॅडमनी मोबाइल माझ्याकडे वळवला. "ही कमेंट तुमचीच ना?"

नाशिकच्या एका फेसबुक ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, ट्रेनी म्हणून कुठे लागू? मी तेव्हाच्या कंपनीचं नाव घेऊन लिहिलेलं: 'इथे रिजेक्शनचा माल रात्रीत ओके होतो, ओव्हरटाइम मात्र कधीच ओके होत नाही.' दोनशेच्या वर लाइक पडले होते, मी हवेत.

तोंडाला कोरड पडली. "आठवत नाही," म्हणाले. नंतर फोन नाही. माझं प्रोफाइल तर लॉक आहे, मग दिसलीच कशी? अकाउंटच उडवू का? आईला सांगितलं तर म्हणते, तुझी जीभ लहानपणापासूनच अशी.

पंचवटीचा_पक्या:
उडव आणि नवीन काढ. विषय संपला.

माजी_एचआर_काका:
पक्या, विषय संपत नाही. मॅडमकडे स्क्रीनशॉट असणारच.

ताई, लॉक फक्त तुमच्या स्वतःच्या भिंतीला लागतं. पब्लिक ग्रुपवरची कमेंट त्या ग्रुपची, कुणालाही दिसते. 'जुन्या पोस्ट मर्यादित करा' हे बटण दाबलं तरी ती हलत नाही. फेसबुकच्या अॅक्टिव्हिटी लॉगमध्ये (तुम्ही केलेल्या सगळ्याची नोंद असते तिथे) जाऊन कमेंट शोधून पुसाव्या लागतात. एक रविवार जातो, पण करा. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्याकडेही बघू नका. आपण स्वतः होऊन जगजाहीर केलेल्या माहितीला तो लागूच होत नाही.

अठ्ठावीस वर्षं एचआरला होतो, इंदिरानगरला घरी बसलोय आता, म्हणून स्पष्ट सांगतो. ओव्हरटाइमची तक्रार कुणी मनावर घेत नाही, ती खरीही असेल. पण 'रिजेक्शनचा माल ओके' हे क्वालिटीच्या माणसाने नाव घेऊन लिहिलं, की समोरचा विचार करतो, उद्या आमच्याबद्दलही लिहील आणि ते कस्टमर वाचेल. तरीही तुमचं वजन गेलं ते कमेंटने नाही, 'आठवत नाही'ने गेलं. क्वालिटीत माणूस कशासाठी घेतात? आकडा वाईट आला तरी आहे तोच लिहायला! आजच मेल करा. चार ओळी, रडगाणं नको.

आणि तुम्ही सगळे जुन्या पोस्टना घाबरता, स्टेटसला नाही. माझ्याकडच्या एका सेटरने (मशीन लावून देणाऱ्याने) खंडेनवमीला मशीनची पूजा केली, झेंडूच्या माळा वगैरे, सुंदर रील. मागे फिक्स्चरवर (पार्ट पकडून ठेवायच्या साच्यावर) बाजारात न आलेला पार्ट आणि बोर्डावर ड्रॉइंग. कस्टमरच्या माणसाने ती रील आम्हालाच पाठवली. पोरगा कामाला सोन्यासारखा होता. त्याची नोकरी वाचवता आली नाही, ते अजून खातं मला.

गंगापूररोडकर:
माझी वेगळीच गंमत. लिंक्डइनवर 'ओपन टू वर्क'चं, म्हणजे नोकरी शोधतोय असं सांगणारं, हिरवं कडं लावलं आणि दुसऱ्या दिवशी साहेबांनी चहा पाजला! फक्त रिक्रूटरना दिसेल असा पर्याय असतो, पण आपल्याच कंपनीच्या एचआरला दिसणारच नाही याची हमी लिंक्डइनही देत नाही. त्यात नाशिक केवढं? सातपूरला शिंकलं तर सिन्नरला ऐकू जातं.

क्यूसी_सिडको:
काका, मेल केला. 'ती कमेंट माझीच आहे. त्या दिवशी घाबरून आठवत नाही म्हणाले, ते चुकलं. ओव्हरटाइमचं खरं होतं. मालाचं मी ऐकून लिहिलं होतं, स्वतः तपासलेलं नव्हतं.' शेवटचं वाक्य लिहायला अर्धा तास लागला. मग लॉग उघडला. २०१७पासून तीनशे चाळीस कमेंट पुसल्या, त्यातल्या निम्म्या तर मिसळ कुठली भारी यावर भांडलेल्या. त्या ठेवायला हव्या होत्या.

मॅडमचं उत्तर आलं, एकच शब्द: 'नोटेड'. याचा अर्थ काय धरायचा?

माजी_एचआर_काका:
नको असता तर उत्तरच आलं नसतं. शुक्रवारपर्यंत थांबा. आणि हा धागा कंपनीत कुणाला दाखवू नका.