पुढच्या हंगामात कोणता तरुण बास्केटबॉलपटू सर्वाधिक सुधारेल, हे आधी ओळखता येते का?

गिरणाकाठ, जळगाव (प्रश्न, ऑक्टोबर २०२५)

सर्वांना नमस्कार. आम्ही चार मित्र गेली काही वर्षे एनबीएचा (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा) हंगाम सुरू होण्यापूर्वी, यंदा कोणते तरुण खेळाडू सर्वांत जास्त सुधारतील असे ज्याला वाटते त्याने आपली पाच नावे वहीत लिहावीत आणि एप्रिलमध्ये सगळ्यांनी मिळून ती वही उघडावी, असा नेम पाळत आलो आहोत. खेळाडू सव्विशीच्या आतला असावा, एवढीच अट. यात पैज नाही. आपल्याला हा खेळ कितपत कळतो, हे पडताळण्याचा तो आमचा मार्ग आहे.

पडताळा मात्र चांगला येत नाही. २०२३ मध्ये टायरिज मॅक्सीचे नाव आम्ही लिहिले होते, कारण त्याच्याच संघातल्या जेम्स हार्डनला फिलाडेल्फिया सोडायचे आहे हे सर्वांना दिसत होते; ते नाव बरोबर ठरले. पण २०२२ मध्ये लॉरी मार्कानेन क्लीव्हलँडहून युटाला गेला आणि त्याची सामन्यामागची सरासरी १४.८ गुणांवरून २५.६ वर पोहोचली, तेव्हा आमच्या वीस नावांत तो नव्हता. गेल्या हंगामात ‘मोस्ट इम्प्रूव्हड प्लेयर’ (सर्वाधिक सुधारलेल्या खेळाडूचा पुरस्कार) ठरलेला डायसन डॅनियल्सही नव्हता.

मी आजवर मार्च-एप्रिलमधील शेवटचे सामने आणि जुलैतील समर लीग (नवख्या खेळाडूंची उन्हाळी स्पर्धा) पाहून नावे ठरवत आलो. यंदा रीड शेपर्ड, आमेन थॉम्पसन आणि जेलन जॉन्सन ही तीन नावे निश्चित केली आहेत. चौथे नाव अशा एका नेमबाजाचे आहे, ज्याने गेल्या हंगामाच्या शेवटच्या महिन्यात तीन गुणांच्या फेकी धडाधड टाकल्या. पाचवी जागा रिकामी आहे. माझी पद्धत कुठे चुकते, हे जाणकारांनी सांगावे.

हा प्रश्न माझ्यासाठी केवळ वहीपुरता नाही. मी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर १४ वर्षांखालील मुलांना शिकवतो, आणि कोणता मुलगा पुढे येईल याचे माझे अंदाज तिथेही असेच चुकतात. त्याचे परिणाम मुलांना भोगावे लागतात, म्हणून जास्त वाईट वाटते.

तापीकर, भुसावळ

गिरणाकाठ भाऊ, आपण दोन निरनिराळे प्रश्न एकात मिसळत आहात असे मला वाटते. खेळाडूचे कौशल्य वाढणे ही एक गोष्ट, आणि त्याच्या नावासमोरचे आकडे वाढणे ही दुसरी. दोन्ही पुष्कळदा एकत्र घडतात, पण आकडे वाढण्याचे पहिले कारण बहुधा मोकळी झालेली जागा हेच असते.

सी. जे. मॅकॉलमचे उदाहरण घ्या. २०१४-१५ मध्ये तो पोर्टलँडसाठी सामन्यामागे सुमारे १५.७ मिनिटे खेळत होता आणि ६.८ गुण करत होता. त्या उन्हाळ्यात लामार्कस ऑल्ड्रिजसह संघाच्या पहिल्या पाचांतले चौघे निघून गेले आणि फक्त डेमियन लिलार्ड उरला. पुढच्या हंगामात मॅकॉलम ३४.८ मिनिटे खेळला, २०.८ गुण केले आणि पुरस्कारही त्यालाच मिळाला. आता थोडे गणित करू. मिनिटामागे गुण करण्याच्या जुन्याच वेगाने तो ३४.८ मिनिटे खेळला असता, तर त्याचे साधारण १५ गुण झाले असते. म्हणजे एकूण १४ गुणांच्या वाढीपैकी ८ हून अधिक गुण केवळ मैदानावर जास्त वेळ उभे राहिल्याने आले, आणि उरलेले पावणेसहा गुण ही त्याच्या खेळाच्या वेगातली खरी वाढ होती. ही वाढ लहान नाही, कारण मिनिटे दुप्पट झाली की दमछाक होते आणि प्रतिस्पर्धी आपला सर्वांत चांगला बचावपटू अंगावर सोडतो. तरीही वेग टिकवणे, उलट वाढवणे, हे थोड्यांनाच जमते.

डॅनियल्सची कथा वरवर पाहता अशीच आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये तो सुमारे २२ मिनिटे खेळायचा, अटलांटात जवळजवळ ३४ मिनिटे खेळू लागला आणि गुण ५.८ वरून १४.१ वर गेले. पण त्याच्याबाबत पाहण्यासारखा आकडा गुणांचा नाहीच. त्याचे स्टील (प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिसकावणे) सामन्यामागे १.४ वरून ३ वर गेले, आणि मिनिटांच्या प्रमाणात धरले तर ते २.१ च्या आसपास थांबायला हवे होते. हंगामभरात त्याने २२९ वेळा चेंडू हिसकावला. १९९५-९६ मधील गॅरी पेटनच्या २३१ नंतरचा हा सर्वांत मोठा आकडा आहे. बचावाची ही हातोटी न्यू ऑर्लिन्समध्येही दिसत होती, पण बाकावरच्या खेळाडूच्या बचावाकडे आपण प्रेक्षक लक्ष देत नाही. तुमच्या वहीतून तो सुटला, त्याचे कारण मला तरी हेच वाटते.

मार्कानेनबाबत संघ बदलला तसे कामही बदलले. क्लीव्हलँडमध्ये दोन उंच खेळाडूंच्या शेजारी त्याला बहुतेक वेळ बाहेर उभे राहावे लागत असे. युटाला त्याच्याभोवतीच आक्रमण उभे राहिले. त्याच सप्टेंबरमध्ये युरोबास्केट स्पर्धेत फिनलंडकडून त्याने क्रोएशियाविरुद्ध ४३ गुण केले होते. आपल्या देशाच्या संघात मुख्य जबाबदारी पेलणारा खेळाडू क्लबमध्ये दुय्यम काम करत असेल, तर त्याच्याकडे मी नेहमी लक्ष ठेवतो. मला हा संकेत समर लीगपेक्षा कितीतरी विश्वासार्ह वाटतो, कारण समर लीगमध्ये समोरचे बहुतेक खेळाडू स्वतःच संघात जागा शोधत असतात.

म्हणून माझी सूचना अशी, की आधी नावे शोधू नका, रिकाम्या जागा शोधा. यंदा ह्यूस्टनच्या फ्रेड व्हॅनव्हलीटच्या गुडघ्याला सप्टेंबरमध्ये मोठी दुखापत झाली, त्यामुळे चेंडू पुढे नेण्याचे काम कोणाकडे तरी जाणारच. गेल्या वर्षी सामन्यामागे तेरा मिनिटांच्या आतच राहिलेला शेपर्ड आणि थॉम्पसन ही तुमची त्याच संघातली दोन्ही नावे या कारणाने मला पटतात. इंडियानाचा टायरिज हॅलिबर्टन अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात जायबंदी झाला आणि तो हा हंगाम खेळणार नाही; तुमच्या पाचव्या जागेसाठी तिथे पाहा. जेलन जॉन्सनविषयी मी साशंक आहे. खांद्याच्या दुखापतीपूर्वीच्या ३६ सामन्यांत त्याची सरासरी १८.९ गुण आणि १० रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) होती. जो आधीच इतका वर आहे, त्याची पुढची झेप चांगली असूनही आकड्यांत लहान दिसते.

पांझराकाठ, धुळे

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून केवळ चौथ्या नावाविषयी लिहितो. ते वहीतून काढावे.

एखाद्या खेळाडूची तीन गुणांच्या फेकीतील खरी क्षमता ३५ टक्के आहे असे समजा. त्याने २०० फेकी केल्या, तर निव्वळ योगायोगाने त्याचा आकडा ३२ ते ३८ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही पडू शकतो, आणि तीनपैकी एकदा तो याही मर्यादेबाहेर जातो. एका महिन्यात तर इतक्या फेकी होतही नाहीत. तुम्ही पाहिलेला तो धडाका कौशल्याचा होता की योगायोगाचा, हे त्या महिन्याच्या आकड्यांवरून कोणीही सांगू शकणार नाही. म्हणून अशा वेळी खेळाडूच्या आधीच्या सर्व वर्षांना जास्त वजन द्यावे.

पूर्ण हंगामही कधी कधी फसवतो. न्यूयॉर्ककडून खेळताना ज्युलियस रँडलने २०१९-२० मध्ये २७.७ टक्के, पुढच्या वर्षी ४१.१ टक्के फेकी साधल्या आणि पुरस्कार मिळवला. त्यानंतरच्या वर्षी तो ३०.८ वर परतला. ब्रँडन इनग्रामचे तसे झाले नाही. २०१९ मध्ये न्यू ऑर्लिन्सला गेल्यावर तो ३३ वरून ३९.१ वर गेला आणि नंतरच्या वर्षीही ३८.१ वर राहिला. त्याच्याबाबत फ्री थ्रोचा (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीचा) आकडाही सोबतच बदलला होता: ६७.५ वरून ८५.१, आणि नंतर ८७.८. फ्री थ्रोमध्ये अंतर ठरलेले असते आणि समोर कोणी हात आडवा घालत नाही, त्यामुळे हाताची खरी सुधारणा तिथे स्वच्छ दिसते. तरुण नेमबाज निवडताना मी आधी तो रकाना पाहतो. इथे एक प्रामाणिक कबुली द्यायला हवी, की रँडलचेही फ्री थ्रो त्या एका वर्षी सुधारले होते आणि पुढे तेही घसरले. म्हणून हा संकेत उपयोगी असला तरी त्याला पुरावा समजू नये.

बोरीकाठ, अमळनेर

गिरणाकाठ दादा, आपल्या प्रश्नाचा शेवटचा परिच्छेद वाचून लिहायला बसले. मी अनेक वर्षे क्रीडाशिक्षिका होते आणि मुलींचे संघ घेऊन विभागीय स्पर्धांसाठी नाशिकपर्यंत गेले आहे. मोठ्यांच्या खेळात रिकामी जागा शोधावी, हे तापीकरांचे म्हणणे मला मान्य आहे. पण १४ वर्षांखालील मुलांत ती जागा दुसरे कोणी मोकळी करत नाही, तुम्ही स्वतः करता. तुम्ही ज्याला खेळवत नाही, तो सुधारला की नाही हे तुम्हाला कळणारच नाही.

सर्वप्रथम प्रत्येक मुलाची जन्मतारीख वहीत लिहा. शालेय वयोगट १ जानेवारीपासून मोजला जातो, त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात येतात. तेराव्या वर्षी अकरा महिन्यांचे अंतर म्हणजे खांद्यात, उडीत आणि धीटपणातही फरक. आपण निवड चाचणीत ज्याला गुणी म्हणतो, तो पुष्कळदा फक्त थोरला असतो. उंचीचेही तसेच आहे. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्याच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते, पण प्रत्येकाचे घड्याळ वेगळे असते. जो लवकर वाढला, तो आज सगळ्यांच्या डोक्यावरून चेंडू टाकून संघाला जिंकवतो आणि म्हणून ड्रिबल (चेंडू आपटत नेणे), डावा हात, पायांची ठेवण यांतले काहीच शिकत नाही. दोन वर्षांनी बाकीचे त्याच्या उंचीला आले, की त्याच्यापाशी काही उरत नाही. उलट बुटका मुलगा गार्ड (चेंडू पुढे नेणारा खेळाडू) म्हणून हात तयार करतो आणि मग वाढतो. अमेरिकेतल्या अँथनी डेव्हिसची उंची शाळेच्या शेवटच्या वर्षांत ६ फूट २ इंचांवरून ६ फूट १० इंचांपर्यंत गेली, आणि गार्ड असतानाचे हात त्याच्यापाशी राहिले.

आणखी एक गोष्ट जपा. उंची फुटत असताना काही महिने मुलांचे हातपाय त्यांना परके वाटतात. काल पडणारा लेअप (पळत येऊन बास्केटच्या जवळून टाकलेली फेक) आज पडत नाही. अशाच दिवसांत मी एका मुलीला संघातून वगळले होते. ती नंतर मैदानावर आलीच नाही. पुढच्या वर्षी शाळेच्या फाटकाशी ती मला भेटली, तेव्हा ती माझ्यापेक्षा उंच झाली होती. ती आठवण माझ्या मनातून गेलेली नाही.

कोण सुधारेल हे ओळखण्यासाठी मी शेवटी एकाच चाचणीवर विश्वास ठेवू लागले. सोमवारी सर्वांना एखादी नवी गोष्ट दाखवायची, समजा डाव्या हाताचा लेअप, आणि शनिवारी न सांगता पाहायचे, की सामन्याच्या गडबडीत ती कोण करून पाहतो. चेंडू पडला की नाही, हे मोजायचे नाही. चार-पाच आठवड्यांत मुलांची क्रमवारी तुमच्या आजच्या क्रमवारीपेक्षा वेगळी दिसू लागेल. मात्र हजेरी न्यायाने मोजा. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणीला लागलेली मुले येत नाहीत आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४ च्या वर गेल्यावर दुपारी मैदानावर कोणी उभा राहू शकत नाही. त्या काळात पहाटे साडेपाचला जो येतो, त्याच्या नावापुढे खूण करा, पण जो शेतात राबतो त्याच्या नावापुढे काट मारू नका.

गिरणाकाठ, जळगाव

तापीकर, पांझराकाठ आणि मॅडम, तिघांचाही मनापासून आभारी आहे. चौथे नाव मी आज खोडले, आणि त्या जागी इंडियानाच्या बेनेडिक्ट मॅथुरिनचे नाव लिहिले. पाचव्या जागेसाठी फिनलंडच्या उदाहरणावरून, देशाच्या संघात मोठे आणि क्लबमध्ये लहान काम करणारा खेळाडू शोधतो आहे. जेलन जॉन्सनचे नाव मात्र ठेवतो. तो चेंडू हातात घेऊन ज्या प्रकारे इतरांना पास देतो, ते पाहिल्यावर त्याची झेप लहान असेल असे मला मानवत नाही.

मॅडम, आपले वाचून मी काल मुलांच्या जन्मतारखा उतरवल्या. माझ्या पहिल्या पाचांपैकी चौघे जानेवारी ते मार्चमधले निघाले. ज्याला मी संथ समजून सहा महिने बाकावर बसवले, तो नोव्हेंबरच्या अखेरीचा आहे. रविवारच्या सराव सामन्यात त्याला पूर्ण दोन क्वार्टर गार्ड म्हणून खेळवतो आहे.

यंदाचा पहिला सामना ह्यूस्टन आणि ओक्लाहोमा सिटी यांच्यात, आपल्याकडे दिवाळी पाडव्याच्या पहाटे पाच वाजता आहे. शेपर्डला किती मिनिटे मिळाली, ते अभ्यंगस्नानाआधी इथे लिहीन.