घरच्या घरी वजनं : पैसे वाचतात की सेट पलंगाखाली जातो?

पाचपाखाडीकर
जिमची वर्षाची फी एकरकमी भरून दोनदा बुडवली. आता घरीच. वापरलेला सेट मिळाला, दोन दांडे आणि वीस किलोच्या प्लेटा, दोन हजारांत. सुरुवातीच्या सहा महिन्यांना एवढं पुरे. तेही नको तर पाच लिटरचा तेलाचा कॅन घ्या. पाण्याने पाच किलो, कोरड्या वाळूने आठच्या आसपास. पटत नसेल तर बोला.

घणसोली_लोकल
नाही पटत. कॅन करून पाहिलाय. मूठ अरुंद, वाळू एका अंगाला सरकते आणि मनगट मुरगळतं. आणि आठ किलो सोपे झाले की पुढे काय? जिममध्ये पुढचं डंबेल शेजारीच असतं, त्याचेच तर पैसे.

पाचपाखाडीकर
वजन नाही वाढलं तर वेळ वाढवा. कॅन उराशी धरून बैठक मारा, खाली जाताना चार आकडे मोजा, तळाशी क्षणभर थांबा. अशा बारा झाल्या की जिना उतरून दाखवा.

तालीमवाला
जोर-बैठका फुकट आहेत की!

घणसोली_लोकल
जोर काढून छाती-दंड होतात, काका. पाठीला ओढायचा व्यायाम लागतो, तो जोर काढून होत नाही. आणि पाठीचंच सांगतो, व्हिडिओ बघून दांडा उचलायला गेलो नि कंबर धरली. आठ दिवस लोकलमध्ये बसताही येईना, उभंही राहवेना. फिजिओने शिकवलं : भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभं राहायचं, पाठ सरळ ठेवून ढुंगण भिंतीला टेकवायचं. वाकायचं ते खुब्यातून. जिममध्ये कुणीतरी आधीच टोकलं असतं.

पाचपाखाडीकर
पाठीचं मान्य. पण आमचा ट्रेनर मोबाइलमधून मान वर काढत नव्हता, टोकणार कधी?

खालच्या_मजल्यावरची
तुमचं चालू द्या. आमच्या वर असाच एक बलभीम राहतो. पहाटे साडेपाचला धप्प! जुनी बिल्डिंग आहे, स्लॅब खाली आला तर?

सिव्हिलवाला
राहत्या खोलीचा स्लॅब आयएस ८७५ (इमारतीवरच्या भाराचं भारतीय मानक) प्रमाणे चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलोंसाठी डिझाइन करतात. वीस किलोंनी काही होत नाही. जुना स्लॅब गळका असेल तर तपासून घ्या, ते वेगळं. आवाज होतो आपटल्याने. प्लेट ठेवायची, टाकायची नाही. खाली रबरी मॅट, तिच्याखाली जुनी गोधडी.

खालच्या_मजल्यावरची
गोधडी मीच नेऊन देते. आणि सहानंतर करा म्हणावं. सहाला पाणी येतं, तेव्हा मी उठलेलीच असते.