मदत हवी आहे: हा स्टोनफिश आहे की स्कॉर्पियनफिश?

नमस्कार मंडळी, जरा मदत करा. ओहोटीच्या वेळी खडकांमधल्या गुडघाभर पाण्यात फोटो काढत होतो, घरी येऊन झूम केलं तर ज्याला मी शेवाळलेला दगड समजलो त्याला चक्क डोळे! अंगावर काटाच आला, कारण माझा पाय जेमतेम वीतभर लांब होता.

वाचलंय त्यानुसार स्टोनफिश फारसा पोहत नाही, वाळूत अर्धवट रुतून तासन्‌तास पडून राहतो, अंगावरच्या चामखिळीसारख्या गाठींवर शेवाळ पण उगवतं आणि छोटा मासा किंवा कोळंबी तोंडापुढे आली की पापणी लवायच्या आत गट्टम. पाठीवर 13 विषारी काटे, पातळ चपलेतूनही आरपार जातील असे. पण ते शिकारीसाठी नाहीतच, फक्त बचावासाठी, म्हणजे बिचारा कोणाच्या वाटेला जात नाही, आपणच त्याच्यावर पाय देतो.

आता प्रश्न असा की फोटोत तोंड वरच्या बाजूला उघडणारं दिसतंय, डोळे बारीक आहेत, शेपटी वाळूत गेलीय. एवढ्यावरून ओळखता येईल का? स्कॉर्पियनफिशचं तोंड समोर असतं ना? आणि काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 45 अंश, पाय बुडवायचा आणि लगेच हॉस्पिटल गाठायचं, हे बरोबर ना? कोणाला प्रत्यक्ष अनुभव असेल तर प्लीज सविस्तर सांगा, पुढच्या आठवड्यात मुलांना घेऊन परत तिथेच जायचंय.